गायरानाची माती आणि माझ्या पसरट कुंड्या

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे गवत उगवावे म्हणून कोणी काही करत नाही. उगवू नये म्हणून मात्र जन्मभर खपावे लागते. पायरीच्या फटीत, विहिरीच्या कडेला, तुळशीवृंदावनात, जरा दुर्लक्ष झाले की हजर. त्यामुळे “गवत का उगवत नाही ते वऱ्हाडात जाऊन शोधून काढ,” असा हुकूम नागपुरात आमच्या शेतकी खात्याच्या गोऱ्या साहेबांनी सोडला, तेव्हा मला आधी हसूच आले. ते फार टिकले नाही, कारण चैत्र संपत आला होता आणि तिकडच्या उन्हाच्या गोष्टी मी ऐकून होतो.

परत आल्यापासून मित्र विचारतात, “एवढे दोन महिने वाशीम तालुक्यात होतास, पाहिलेस काय?” मी माती पाहिली. देवळे, लेणी, तलाव हे ज्यांना पाहायचे त्यांनी पाहावे. माझ्याइतकी टक लावून मातीकडे पाहणारा प्रवासी त्या बाजूला आधी कोणी आला नसेल.

काम असे होते. गवताचे बी जमिनीवर पडते, पण सगळेच पुढच्या पावसात उगवत नाही. पुष्कळसे मातीत निजून राहते, कधी वर्षानुवर्षे. साहेबांचे म्हणणे, गुरे बारा महिने चरत राहिली की गवताला बी धरायला सवडच मिळत नाही, आणि मातीतला हा साठा आटत जातो. मग वरून पाऊस पडला तरी उगवायला खाली काही उरत नाही. हे खरे की खोटे ते पाहण्यासाठी एका गावच्या गायरानाची माती घ्यायची, आणि शेजारीच सरकारने तार ओढून राखलेल्या रमण्याची, म्हणजे बंद कुरणाची, माती घ्यायची. दोन्ही पसरट कुंड्यांत घालून, रोज पाणी देऊन, काय उगवते ते बघायचे. तेही नागपुरात नाही, तिथेच, गावाच्या डोळ्यांदेखत. गायरानाची माती वांझ निघाली तर गायरानालाही तार, आणि गुरांना बंदी.

गावाचे नाव मी लिहीत नाही. तशी तंबी मला तिथल्या पाटलांनी दिली आहे आणि पाटलांचे अन्न मी पोट फुटेस्तोवर खाल्ले आहे.

जऊळका स्टेशन

जऊळक्याला उतरलो तेव्हा दुपार होती. स्टेशनात मी, एक झोपलेले कुत्रे आणि मला न्यायला आलेले नारायण पाटील एवढेच. पाटील उंच, काळे, पांढऱ्या मिशांचे. माझे सामान त्यांनी डोळ्यांनीच मोजले: एक वळकटी, एक चाळण, एक लहान कुदळ आणि रिकाम्या पोत्यांचे भले मोठे भेंडोळे. पोत्यांवर त्यांची नजर अडकली.

“पोते रिकामे हायेत म्हंजे कायी तरी भरून न्याचं असन,” ते म्हणाले.

“माती,” मी म्हणालो.

“माती?”

“तुमच्या गायरानाची.”

पाटलांनी बैल जुंपले, गाडीत बसले, आणि मान न वळवता म्हणाले, “मातीचा सारा तं भरूनच राह्यलो होतो. आता मातीबी न्या.”

रस्ता म्हणजे गाडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. दोन्हीकडे नांगरून टाकलेली काळी रानं, मधूनच एखादा कडुनिंब मोहरलेला. त्या काळ्या जमिनीवरून गाडी एकदम मुरमाड चढावर आली आणि पाटील म्हणाले, “हे आमचं गायरान.” मी उतरून पाहिले. दगड, बोराट्या, वाळलेले शेण आणि खुरांनी कुटून केलेला फुफाटा. पलीकडे तारेच्या आड रमण्यात कमरेएवढे गवत उन्हाने पिवळे होऊन उभे होते. तारेला चिकटून दोन गाई नुसत्या आत बघत होत्या. निकाल कुंड्यांआधीच लागला, असे मला वाटले, आणि माझे काम सोपे झाल्याचा आनंदही झाला.

आखर

तिकडे सकाळी गावची सगळी ढोरं गावाबाहेर एका मोकळ्या जागी आणून सोडतात. त्या जागेला आखर म्हणतात. तिथून गुराखी त्यांना गायरानात नेतो. आमच्या कोकणात चार घरांची चार गुरे चार दिशांना जातात आणि संध्याकाळी कुणाची कुणाच्या परसात सापडतील याचा नेम नसतो. इथे सगळा गाव रोज सकाळी आखरावर भेटतो. बातम्या तिथे, भांडणे तिथे, सोयरिकीसुद्धा तिथेच जुळतात. मी पहिल्याच सकाळी तिथे गेलो, कारण कुणाला काही सांगायचे तर एकदाच सांगून मोकळे व्हावे असा माझा स्वभाव आहे.

मी सांगितले. कुणाचाही विश्वास बसला नाही. गायरानात गुप्तधन आहे आणि सरकारला त्याचा सुगावा लागला, असे सर्वांचे ठरले. मी जिथे कुदळ मारी तिथे माझ्यामागे पाच-पंचवीस माणसे उभी राहत. वरची चार बोटे माती खरवडून मी पोत्यात भरली आणि पुढे सरकलो की मागे हळहळ होई. “आनखी खोल जा ना जी,” एक म्हातारा कळवळून म्हणाला. एकाने तर नारळ आणून फोडला. खोबरे मी खाल्ले. प्रवासात मिळेल ते घ्यावे.

फक्त एका बाईने माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. त्या गिरजाबाई, पाटलांच्या विधवा भावजय. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, कपाळ कोरे, आवाज साऱ्या आखराला पुरेल असा. त्यांच्या चार गाई होत्या आणि त्यांतली हरणी नावाची पांढरी गाय त्यांच्या मागे पोरीसारखी हिंडे. शेत दिराकडे होते, पण गाई गिरजाबाईंच्या स्वतःच्या. तूप कढवून त्या शेलूबाजारच्या बाजाराला नेत आणि त्यावर ताठ मानेने राहत. दिराच्या घरात राहून दिराच्या तोंडाकडे बघावे लागत नाही, हे त्या गाईंमुळे.

“म्हंजे माती साक्ष देनार?” त्यांनी विचारले.

“तसेच म्हणा.”

“आन् तिनं आमच्या इरुद्ध सांगतलं तं?”

“तर गायरान बंद.”

“मंग मी हरनीले काय चारू? लुगडं?”

यावर सगळे हसले, गिरजाबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या मातीले पानी मी देईन. साक्षीदाराले उपाशी ठेवलं तं थो खरं कसं बोलन?”

मी मास्तर नव्हे हे मी तीनदा सांगितले. गावात मी शेवटपर्यंत मास्तरच राहिलो.

पाटलांची ओसरी

कुंभाराकडून पसरट कुंड्या आणल्या आणि पाटलांच्या ओसरीवर दोन रांगा मांडल्या. एक गायरानाची, एक रमण्याची. विहिरीचे पाणी तळाला गेलेले. बायका घागरी घेऊन ताटकळत, आणि गिरजाबाई त्यांच्यादेखत एक घागर आणून मातीवर शिंपडत. “माणसं तहानली अन् हे मातीले पाजून राह्यली,” असे टोमणे त्यांना रोज खावे लागत. त्या दुप्पट आवाजात परत देत.

आठवड्याने कुंड्या हिरव्या झाल्या. दोन्ही रांगा! मी कुंड्यांवर ओणवा झालो आणि दिवसभर तसाच राहिलो. रमण्याच्या मातीत एकाच जातीचे, कुसळीचे, दाट गवत. गायरानाच्या मातीत मात्र मेळा भरला होता: तरोटा, गोखरू, केना, चार जातींची गवते, आणि शेणातून आलेल्या दाण्यांची ज्वारीची एखाद-दुसरी काडी. मी ज्या फुफाट्याला मेलेला समजलो होतो तो चांगला जिवंत होता. मोजदाद करायला मी पाटीपेन्सिल घेतली, आणि नेमके तेव्हाच पाटलांनी रोडग्यांचे आमंत्रण दिले.

रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले. राख झटकायची, फोडायचे, आत तूप ओतायचे, आणि वर वांग्याची भाजी. त्या भाजीत मिरची किती असते ते मी पहिल्या घासालाच ओळखले, पण तूप गिरजाबाईंचे होते आणि ते सोडवेना. आमच्याकडे पाहुण्याला “आणखी घ्या” म्हणतात आणि पाहुणा “नको” म्हणतो, मग दोघेही उठतात. इथे “नको” हा शब्द जेवताना कोणी ऐकतच नाही. पाटील म्हणत, “खा ना जी, लाजून काहून राह्यले?” मी लाजलो नाही. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि मी खातोय.

रात्रीपासून जे सुरू झाले त्याचे वर्णन प्रवासवर्णनात शोभणार नाही. मी पाटलांच्या बाजेवर आडवा पडलो आणि पुढचे काही दिवस ताक, साबुदाणा आणि पश्चात्ताप यांवर काढले. कुंड्यांचे काय, असे विचारले की दाराआडून गिरजाबाईंचा आवाज येई, “मी हावो ना! तुमी पडा निवांत.”

मी निवांत पडलो.

उठून ओसरीवर आलो तेव्हा सकाळचे कोवळे ऊन कुंड्यांवर पडले होते. कुंड्यांत माती होती. ओली, भुसभुशीत, नीट हाताने सारखी केलेली माती, आणि गवताची एक काडी नाही. फक्त गायरानाच्या काही कुंड्यांत ज्वारीचे एकेक रोप मधोमध उभे होते आणि त्याच्या बुडाशी प्रेमाने भर घातलेली होती.

“गिरजाबाई!” मी ओरडलो. माझ्या अंगात ओरडण्याइतकीही ताकद नव्हती, पण ओरडलो.

त्या आल्या, हात पुसत, चेहऱ्यावर समाधान. “पायलं? साऱ्या निंदून काढल्या. काय गवत माजलं होतं, बापा! तुमी पडून राह्यले, पीक दबून राह्यलं होतं.”

“निंदल्या?”

“मंग! ह्या रमन्याच्या कुंड्यायमंदी तं पीकच नव्हतं, नुस्तं गवतच गवत.”

जन्मभर ज्या बाईने कपाशी आणि ज्वारी निंदली तिच्या हातांना, ओळीत वाढणारे गवत दिसले की, काय करायचे ते विचारावे लागत नाही. हे मला आज कळते. तेव्हा मी फक्त विचारले, “उपटलेले गवत कुठे आहे?”

गिरजाबाईंनी अंगणाकडे बोट दाखवले. हरणीचे वासरू खुंट्याशी उभे होते आणि ओठ चाटत होते.

“वैशाखात हिरवं कुठी भेटते लेकराले? चांगलं खाल्लं त्यानं,” त्या म्हणाल्या.

चराईने गवताचे काय होते हे पाहायला सरकारने मला पाठवले होते. ते मी पाहिले, ओसरीवर बसून. हसावे की रडावे कळेना, म्हणून मी चिडलो. म्हणालो, “अहो, ते गवत हीच तुमची साक्ष होती! गायरानाची माती जिवंत आहे हे त्या गवतावरून साहेबांना दाखवणार होतो. आता काय दाखवू, तुमचे वासरू?”

त्यांचा चेहरा उतरला. ओसरीच्या पायरीवर बसल्या, स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि ते हात पदराखाली घेतले. मला फार वाईट वाटले. चिडायला नको होते असे वाटले, आणि चिडल्याशिवाय राहवलेही नसते असेही वाटले.

त्या म्हणाल्या, “माह्याच हातानं माह्या गाईचं गवत गेलं, मास्तर.”

पुन्हा पाणी

नागपूरला तार करून नोकरी सोडावी असा विचार मी दुपारपर्यंत केला. उन्हात तारघरापर्यंत जाण्याचे त्राण नव्हते म्हणून तो रद्द केला. मग आठवले की निजलेले बी काही एकदम सगळे उठत नाही. पहिल्या पाण्याला काही उठते, काही कूस बदलून पुन्हा निजते. पुस्तकात हे वाचले होते. पुस्तकाच्या भरवशावर नोकरी पणाला लावायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

“पाणी चालू ठेवा,” मी सांगितले. “मातीत अजून असेल.”

“आन् नसन तं?”

“नसेल तर साहेबांपुढे आपण दोघे वासराला घेऊन उभे राहू.”

ते दिवस संपता संपेनात. गिरजाबाई पाणी शिंपडत आणि लगेच हात पदरात बांधून बसत. ओसरीवरून जाता-येता कुठे दगडाच्या फटीत काडी दिसली तरी त्यांची बोटे वळवळत, आणि पाटील ओरडत, “वयनी, हात!” मृगाचे पाऊस झाले, आखरावर चिखल झाला, आणि गायरानाच्या कुंड्यांत पुन्हा हिरवे टोक दिसले. मग दुसरे. मग पुन्हा सगळा मेळा. रमण्याच्या कुंड्यांत मात्र चार-दोन काड्या येऊन थांबल्या; तिथल्या कुसळीने आपले सारे धन पहिल्याच पाण्याला खर्चून टाकले होते. आनंदाच्या भरात मी पाटलांना मिठी मारली. त्यांना ते आवडले नाही.

साहेब घोड्यावरून आले. हा गोरा माणूस चिडका, पण सरळ. मी निंदणापासून वासरापर्यंत सगळे सांगितले, कारण गावाने आधीच सांगितले असणार हे मला ठाऊक होते. साहेब हसले नाहीत. गुडघे टेकून एकेक कुंडी पाहत राहिले. पाहता पाहता एका कुंडीतले केन्याचे रोप बोटाने बाजूला सारू लागले, तोच गिरजाबाई दारातून कडाडल्या, “हात नोका लावू जी!” साहेबांनी हात मागे घेतला. सरकारी अंमलदाराला इतक्या चटकन हात मागे घेताना मी कधी पाहिले नव्हते.

शेवटी त्यांनी आपल्या हिंदुस्थानीत निकाल सांगितला आणि मी तो मराठीत फिरवला. माती मेलेली नाही. पण तिच्यात तरोटा-गोखरूच फार. गुरांना आवडणाऱ्या चांगल्या गवताचे बी फारच थोडे उरले आहे, कारण ते बी धरायच्या आतच गुरे खातात. तेव्हा तार नको. गायरानाचे तीन भाग करा. दरसाल एक भाग दसऱ्यापर्यंत बंद ठेवा, म्हणजे गवत बी टाकील. राखण गावाने करावी. बंद भागात ढोर सापडले तर दिवे लागेपर्यंत ते कोंडवाड्यात. आणि ढोर पाहूनही कोणी सोडून दिले असे कळले, तर तार तयार आहे.

“राखन कोन करन?” पाटलांनी आखरावर विचारले.

गिरजाबाई पुढे झाल्या. “मी करीन,” म्हणाल्या. कुणी नको म्हटले नाही. म्हणायची छाती नव्हती.

कोंडवाडा

निघायच्या दिवशी बंद भागाच्या कडेला चुन्याने रंगवलेले दगड मांडून झाले होते. आत कोवळे गवत बोटभर वर आले होते. साहेब घोड्यावर, मी पाटलांच्या गाडीत, दोघेही जऊळक्याची आगगाडी गाठायला निघालो होतो. आखरावरून ढोरं सुटली आणि अर्धा गाव आम्हाला पोचवायला गायरानापर्यंत आला. गिरजाबाई काठी घेऊन दगडांशी उभ्या होत्या. त्या मला निरोप द्यायला वळल्या, “मास्तर, तूप बांधून ठेवलं हाये, घेतलं ना?” असे विचारू लागल्या, आणि तेवढ्यात पांढरी गाय चुन्याचा दगड ओलांडून आत गेली. खाली मान घालून तिने पहिला घास तोडला तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

साहेबांनी लगाम खेचला. गुराखी हळूच म्हणाला, “मुकं जनावर हाये साहेब, त्याले काय दगड समजते? हाकलून देतो आत्ता.” पाटलांनी माझ्याकडे पाहिले. मी साहेबांकडे पाहिले नाही.

गिरजाबाईंनी हरणीला हाक मारली. ती आनंदाने आली. त्यांनी तिच्या गळ्यातला दोर धरला आणि सगळ्यांसमोरून तिला गावाकडे, सरळ कोंडवाड्याकडे नेले. वाटभर शिव्या देत होत्या: गाईला, साहेबाला, मला, कोवळ्या गवताला. मधूनच पदराने डोळे पुसत होत्या आणि पुन्हा शिव्या. साहेब क्षणभर थांबले, टोपीला हात लावला आणि घोडा स्टेशनाकडे वळवला. माझ्याने मात्र गाडीत बसवेना. उतरून मी त्यांच्या मागे गेलो.

कोंडवाडा म्हणजे चार दगडी भिंती आणि एक फाटक. हरणी आत गेली, फाटकाकडे तोंड करून उभी राहिली आणि हंबरली. गिरजाबाई थोडा वेळ बाहेर थांबल्या. मग आत शिरल्या आणि तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.

“वयनी, तुमी कायले बसता?” पाटील म्हणाले. “गाय कोंडली, झालं.”

“गाईनं खाल्लं, तिची चूक,” त्या म्हणाल्या. “राखनदारानं पायलं नाही, थे कोनाची?” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मास्तर, भायरून कडी लावा.”

मी कडी लावली. दुपारी पाटलांनी भिंतीवरून भाकर आत दिली, ती दोघींनी वाटून खाल्ली. सरकारी माणसाने लावलेली कडी दिवे लागल्यावर सरकारी माणसानेच काढायला हवी, म्हणून त्या दिवशीची आगगाडी मी जाऊ दिली.